माळावरच्या भिंतीवर लांडगा काढा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी बारामती तालुक्यातला चित्रकलेचा शिक्षक. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आमच्या जवळचंच. जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 साली चिंकाऱ्यासाठी राखलेलं.

यंदा आमच्याकडच्या एका सरकारी कुंपणभिंतीवर 'वन्यजीव' रंगवले. धबधबा, दाट झाडी, जबडा वासलेला वाघ आणि चक्क जिराफ! भिंतीपलीकडे कुसळी गवताचा माळ आहे. तिथे चिंकारा चरतो, खोकड उंदीर टिपतं, लांडगे फिरतात. त्यातलं भिंतीवर कुणीच नाही. चंद्रपूर-बल्लारपूरच्या स्थानकांवर वाघ रंगवलेत ते शोभतात, ताडोबा त्यांच्या उशाशी आहे.

रंगाऱ्याला मी बोल लावणार नाही. चौरस फुटाच्या दराने पैसे, मुदत आठवड्याची. मोबाइलवर 'जंगल' शोधून जे दिसेल ते तो उतरवतो.

पण माळाला आपण कागदोपत्री आधीच पडीक म्हणतो. मुलांना भिंतीवरही जंगल म्हणून हिरवी झाडीच दिसली, तर माळ त्यांना ओसाडच वाटणार. उद्या कुणी तिथे खड्डे खणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावली, की सगळे टाळ्या वाजवतील. गवत गेलं की ससे, चिंकारे हटतात आणि लांडगा मेंढरांच्या वाड्याकडे वळतो. मग धनगराचं नुकसान, मग लांडग्यावर राग. फलकावर लिहिलेलं हे कुणी वाचत नाही, रंगवलेलं पोरंसुद्धा थांबून बघतात.

शिकार दाखवायला रक्त लागत नाही, डोळे पुरतात. चिंकाऱ्याचे डोळे कडेला, चरताना मागचंही दिसावं म्हणून. लांडग्याचे समोर, अंतर जोखायला. आमचे रंगारी हरणाला माणसासारखे डोळे काढतात आणि वर चितळाचे ठिपके देतात! लांडग्याचे बरेच पाठलाग फसतात, तेही काढावं : चिंकारा लांब ठिपक्याएवढा आणि लांडगा जीभ बाहेर काढून बसलेला.

माझी मागणी छोटी आहे. भिंत रंगवायच्या निविदेत त्या भागातल्या प्राण्यांची यादी जोडा. कच्चं रेखाटन आधी तिथल्या वनरक्षकाला आणि एखाद्या मेंढपाळाला दाखवा. लांडगा कसा बसतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

माझ्या नववीच्या मुलांची रेखाटनं तयार आहेत. भिंतीला चुना आम्हीच मारू. परवानगीचा कागद तेवढा पाठवा.

आपला,
एक चित्रकला शिक्षक