नॉब परत द्या

संपादक साहेब,
गाडीतल्या मोठ्या टचस्क्रीनचं कौतुक आता पुरे, एसीचा फॅन कमी करायला पण मेनूत शिरायचं आणि ताशी ८० च्या स्पीडला दोन सेकंद नजर हटली की गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. त्यापेक्षा हेड-अप डिस्प्ले बरा, स्पीड समोर काचेतच दिसतो, मान खाली घालायला नको (पोलराइज्ड गॉगल घातला की मात्र जवळपास गायब!). पण त्यात स्पीड आणि वळणाचा बाण एवढंच ठेवा ना, गाणं कुठलं चाललंय ते कशाला? गाड्यांची सुरक्षा तपासून मार्क देणारी युरोपातली संस्था युरो एनकॅप २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्नला खरी बटणं नसतील तर मार्क कापणार, छान केलं. एसी आणि आवाजालाही नॉबच हवेत, न बघता हाताला सापडतात.

– एक वाचक