मठाचा डबा

ती. आई आणि नाना यांना शि. सा. न.

आखाजीच्या सणाला आले होते तेव्हा फळीवरचा मठाचा, म्हणजे मटकीचा, डबा उघडला होता. दाण्यादाण्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि तळाशी बारीक भुकटी. आई, तू म्हणालीस, "दोन माणसांसाठी कोण भिजत घालतं?" ते काही डोक्यातून जात नाही. आपल्या घरात रोज काही ना काही भिजलेलं असायचं गं! आता भाकरी, ठेचा, फार तर पातळ फौजदारी डाळ.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेल्या दिवसभराच्या आहारात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. मी काट्यावर ठेवून पाहिलं, आमटीची अर्धी वाटी कोरडे दाणे होतात. तुमची भूक कमी, तेवढं नका खाऊ. पण तुमच्या पोटात त्याच्या पावपटही जात नाही.

नाना, तुमच्या शुगरला कडधान्य चांगलं. ते हळू पचतं, नुसत्या भाकरीसारखी साखर झपकन चढत नाही. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही. आणि पोट साफ व्हायला रोज रात्री चूर्ण घ्यावं लागतं ना, त्यालाही यातला चोथा उपयोगी पडेल.

आई, तू म्हणतेस कडधान्य सोसत नाही. मला वाटतं, ही भीती त्या राजम्यापासून बसली. चुलीवर मंद आचेवर ठेवलास, दाणे कचकच राहिले आणि दोघांनाही उलट्या झाल्या. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं, मंद आचेवर ते जात नाही. रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात कुकरला मऊ होईपर्यंत शिजवायचा. मठ-चवळीचा त्यात काही दोष नाही. वात धरतो म्हणतेस, तर त्यांचंही भिजवलेलं पाणी फेक, हिंग घाल आणि पहिला आठवडा दोन-दोन चमचेच खा. वर लिंबू पिळलंस तर त्यातलं लोह अंगी लागतं. नाना, जेवणावर लगेच चहा नको, त्याने ते अडतं.

दातांनी होत नसेल तर उडदाची आमटी घोटून कर. कळण्याची भाकरीही सुरू कर. आजी तीन पायली ज्वारीत पायलीभर उडीद आणि खडेमीठ घालून दळून आणायची. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी पडतं ते उडदात भरपूर असतं, म्हणून ही जोडी इतकी चांगली. आता नवे उडीद बाजारात आले असतील. नाना, पाच किलो घेऊन ठेवा. आणि तो किडका मठ आधी फेकून द्या.

नवा मठ आणला की शुक्रवारी रात्री भिजत घाल, शनिवारी सकाळी फडक्यात बांध. मी रविवारी धुळ्याहून एसटीने येते. मोड तोवर चांगले लांब येतील. उसळीला काळा मसाला तूच घाल, माझ्या हातून तुझ्यासारखा होत नाही.

तुमची,
ताई