राहिलेल्या गोळ्यांविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘रुग्ण ऐकतच नाहीत’ हे तुझ्या पत्रातील वाक्य मनाला लागून राहिले, कारण पूर्वी मीही असेच म्हणत असे. विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात नमूद आहे. एवढी सगळी माणसे बेफिकीर असतील, हे मला पटत नाही.

गेल्या वर्षी मधुमेह असलेल्या एका बाईंचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ९.२ टक्के आले. मी औषध वाढवण्याच्याच बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून मेटफॉर्मिन या साखर कमी करणाऱ्या औषधाच्या दोन स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या. सकाळची जवळपास रिकामी होती आणि रात्रीच्या स्ट्रिपमधली एकही गोळी फोडलेली नव्हती. रागवावे असे क्षणभर वाटले. पण ‘रात्रीची गोळी घेतली की काय होते?’ एवढेच विचारले. त्या खूप वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘रात्रपाळीला जाताना उपाशीपोटी घ्यायचे, मग पोट बिघडायचे, आणि काम सोडून सारखे उठता येत नाही.’ हळूहळू विरघळणारी गोळी दिवसातून एकदा, मुख्य जेवणासोबत, एवढाच बदल मी केला. तीन महिन्यांनी आकडा ७.८ वर आला. सातच्या आत येणे अजून बाकी आहे, पण नवे औषध लागले नाही.

म्हणून ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असे विचारू नकोस. त्याला ‘हो’ हेच उत्तर मिळते. ‘गेल्या सात दिवसांत किती वेळा राहिली?’ असे विचार. एखाद्याला साखर उतरून दरदरून घाम फुटलेला असतो, हात थरथरलेले असतात, आणि त्या भीतीने तो गोळी मुद्दाम चुकवतो. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे त्याला कोणी नीट समजावलेलेच नसते.

आणखी एक कळकळीची विनंती: इन्सुलिनची धमकी कधीही देऊ नकोस. स्वादुपिंडाची शक्ती वर्षानुवर्षे घटत जात असल्यामुळे सर्व पथ्ये पाळणाऱ्यालाही ते लागू शकते, आणि तेव्हा आपलेच शब्द त्याला शिक्षेसारखे वाटतात.

तुझ्याकडे येणाऱ्यांनी काय कारणे सांगितली, ते मला सविस्तर लिही.

तुझा मित्र