दोष रुग्णाचाच का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरचा लेख मी दोनदा वाचला. एकदा सकाळी आणि पुन्हा रात्री सगळी निजल्यावर, कारण त्यातले एक वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. विकसनशील देशांतले अर्धशिक्षित रुग्ण मनाला येईल तशी प्रतिजैविके खातात, बरे वाटले की मध्येच सोडतात आणि म्हणून हे संकट ओढवले, असे आपले लेखक म्हणतात. आकडेवारी त्यांनी कष्टाने गोळा केली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार मानते. पण हे वाक्य त्यांनी आमच्या घरी येऊन सासूबाईंसमोर म्हणून दाखवावे.

सासूबाई ७९ वर्षांच्या. पोर्तुगीज अमदानीत देवळात भरणाऱ्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या, म्हणजे लेखकांच्या हिशेबाने त्या अर्धशिक्षितच. गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने एक रेघ मारतात. सकाळची एक, रात्रीची एक. गेल्या वर्षीच्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, महिन्यापासून पुढची चार पाने मी जपून ठेवली आहेत. एकही रेघ चुकलेली नाही.

चवथीच्या आधी त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. जवळच्या खाजगी डॉक्टरांनी पाच दिवसांची सिप्रोफ्लॉक्सासिन दिली. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायला त्या उठून बसल्या, आम्ही निर्धास्त झालो. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा तोच त्रास. या वेळी सेफिक्झिम, सात दिवस. दिवाळी झाली आणि तिसऱ्यांदा सुरू झाले. त्या दिवशी रविवार होता, दवाखाना बंद. मी स्वतः फार्मसीत गेले आणि काय होते ते सांगितले. काउंटरवरच्या मुलाने लिव्होफ्लॉक्सासिनची पट्टी काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही, वहीत काही लिहिले नाही. ही माझी चूक होती आणि ती मी लपवत नाही. पण रविवारी, ७९ वर्षांची बाई वेदनेने कण्हत असताना, माझ्यासमोर दुसरी वाट कोणती होती, हे लेखकांनी सांगावे.

या तिन्ही वेळा लघवी तपासून घ्या असे कोणी म्हटले नाही. डॉक्टर म्हणाले नाहीत, फार्मसीवाला म्हणाला नाही, आणि मलाही सुचले नाही.

कार्तिक संपता संपता एका रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप चढला. पहाटे बरळायला लागल्या, मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागल्या. इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने इंजेक्शन देण्याआधी लघवी आणि रक्त कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला आणि त्यावर औषधे तपासायला, पाठवले. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी कागद हातात आला. जंतू ई. कोलाय, आपल्या आतड्यांत नेहमी राहणारा. खाली अठरा औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे त्या औषधाने जंतू मरतो, ‘आर’ म्हणजे मरत नाही. मी वरून खाली बोट फिरवत गेले. आर, आर, आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. सेफिक्झिम आर. लिव्होफ्लॉक्सासिन आर. म्हणजे चार महिने सासूबाई घड्याळ लावून जी औषधे घेत होत्या, त्यांतले एकही त्या जंतूला शिवत नव्हते.

आणि त्या यादीत ‘एस’ लिहिलेली एक गोळी होती. नायट्रोफ्युरँटॉइन. १९५० च्या दशकातले औषध, अगदी स्वस्त. मी डॉक्टरांना विचारले, मग हीच द्या ना. ती म्हणाली, काकी, ही गोळी मूत्राशयातल्या संसर्गाला चालते, आता तो मूत्रपिंडापर्यंत चढला आहे, तिथे ही पुरी पडत नाही. चवथीच्या वेळी कल्चर झाले असते तर बहुतेक हिच्यावरच भागले असते.

माझा राग या एका वाक्यापाशी येऊन थांबतो. औषध होते, स्वस्तात होते, गावातल्या फार्मसीत मिळत होते. फक्त कोणते ते सांगणारा कागद नव्हता. त्या कागदाअभावी त्यांना दहा दिवस शिरेतून एर्टापेनेम द्यावे लागले. हे कार्बापेनेम गटातले, इतर काही चालत नसेल तेव्हा काढायचे राखीव औषध. पुढच्या खेपेला या औषधासमोरही ‘आर’ आले तर हातात फारच थोडे उरते. दोन्ही हातांच्या शिरा सुजल्या. सासूबाई रोज सकाळी देवीसाठी अबोलीची फाती गुंफत. ‘हात जड जाला गे बाय’ म्हणाल्या आणि महिनाभर फुले झाडावरच सुकली. आता बऱ्या आहेत, पण ताप म्हटला की त्या घाबरतात आणि मीही.

आपल्या लेखकांनी २०१९ सालचा आकडा दिला आहे, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू. तो बरोबर आहे. पण २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट त्यांनी का गाळली? या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत जास्त पश्चिम आफ्रिकेत निघाले, लाखामागे २७ हून अधिक. सर्वांत कमी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे, लाखामागे साडेसहा. पश्चिम आफ्रिकेतल्या आया मुलांना गोळ्यांचा खुराक देतात म्हणून हे झालेले नाही. स्वच्छ पाणी नाही, प्रयोगशाळा नाही आणि नेमके औषध वेळेवर मिळत नाही म्हणून झाले आहे. २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात भारतासह आठ देश घेतले होते. कार्बापेनेमलाही न जुमानणारा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी जेमतेम ७ टक्क्यांपर्यंत योग्य औषध पोचले, असे त्यात दिसले. म्हणजे एकीकडे नको ती गोळी कोणालाही मिळते आणि दुसरीकडे हवे ते औषध ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही. या दोन्हींत रुग्णाचा दोष किती?

क्षयरोगाचेही तेच. उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्या रुग्णांवर लेखात अख्खा परिच्छेद आहे. २०२४ च्या मार्चमध्ये क्षयरोगाच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला कळवले, हे त्यांना आठवत नाही का? सहा महिने एक दिवस न चुकता घ्यायची गोळी सरकारी खिडकीवरच नसेल, तर खाडा कोणी पाडला म्हणायचे?

कायदा आपल्याकडे आहे. औषधांच्या नियमांतली एच-वन ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन तीतच येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे, वही तीन वर्षे ठेवायची. मला पट्टी दिली त्या दिवशी ती वही उघडली गेली नाही. अशा किती वह्या वर्षाकाठी तपासल्या जातात, हे आपल्या वार्ताहराने विचारून छापावे. रुग्णांना उपदेश करण्यापेक्षा वाचकांना त्याचा अधिक उपयोग होईल.

गोव्यात हे जमणार नाही असे कोणी सांगू नये. १९८६ नंतर पणजीत मलेरियाची साथ पसरली तेव्हा मी तिथे एका शाळेत नवीन शिक्षिका होते. इमारतींची बांधकामे जोरात होती, टाक्यांत आणि स्लॅबवरच्या पाण्यात डास होत होते. ताप आलेला माणूस दिसला की आरोग्य कर्मचारी आधी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा, मग औषध. बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचे झाले. माझ्या वर्गातली मुले बोटावरचे टोचलेले ठिकाण मला दाखवायची. तो मलेरिया आज गोव्यात जवळजवळ उरलेला नाही. आधी तपासणी, मग औषध, ही शिस्त आपल्या राज्याने एकदा पाळून दाखवली आहे. मग लघवीच्या बाटलीला काय अडचण आहे? नमुना थंड ठेवला तर चोवीस तास टिकतो. पोलिओची लस शीतपेटीतून वाड्यावाड्यावर जाते. तशाच वेगळ्या पेटीतून प्राथमिक आरोग्य केंद्रातली बाटली संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊ शकते. निकाल फोनवर कळवता येतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेली औषधे परदेशी जातात, आणि फोंड्याच्या एका खेड्यातल्या बाईला आपल्याला कोणती गोळी लागू पडेल हे कळायला चार महिने आणि एक मरणाची रात्र लागते.

आता एक तक्रार आपल्याबद्दलही. त्या लेखात पाच ठिकाणी ‘विषाणू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत’ असे छापले आहे. विषाणूंनी प्रतिजैविकांना कधीच दाद दिलेली नाही. मरतात ते जिवाणू. हा शब्दांचा कीस नव्हे. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार, त्यांत प्रतिजैविकाचा उपयोग शून्य. टायफॉइड, क्षय, लेप्टोस्पायरोसिस हे जिवाणूंचे. हा फरक मी तीस वर्षे सातवीच्या मुलांना फळ्यावर दोन रकाने आखून शिकवला. सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्या माणसाला आपले लेखक अडाणी ठरवतात आणि त्याच लेखात आपले दैनिक दोघांना एकच करून टाकते. मग तो माणूस खरे कुठे वाचणार? दुरुस्ती छापा, आणि पहिल्या पानावर छापा.

दुसरे असे की गेल्या मे महिन्यात मी आपल्याला एक पत्र पाठवले होते. आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वरच्या अंगाने जो व्हाळ (ओढा) येतो, त्यात रात्री दोन-तीनच्या सुमारास सेप्टिक टँकचा मैला टँकरमधून ओतला जातो, त्याबद्दल. ते पत्र छापून आले नाही. तेव्हा तो दुर्गंधीचा प्रश्न वाटला असेल. पण ई. कोलाय कुठे राहतो ते मी वर लिहिले आहे. घराघरांतून जी प्रतिजैविके पोटात जातात, त्यांना पचवून तगलेले जिवाणू त्याच मैल्यातून व्हाळात उतरतात. त्या पाण्यावर आमची अळू आणि तांबडी भाजी वाढते, पावसात तेच पाणी विहिरीत पाझरते. ते पत्र पुन्हा सोबत जोडत आहे. टँकरच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे शेजाऱ्यांनी टिपले आहेत, तेही लिहिले आहेत.

कल्चरच्या अहवालाची झेरॉक्स सासूबाईंचे आणि इस्पितळाचे नाव खोडून पाठवत आहे. लेखकांकडे पोचवावी. कॅलेंडरची चार पाने मात्र देणार नाही, हवी असतील तर त्यांनी घरी येऊन बघावीत. नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे. छापू नये, कारण चालत जाण्याजोगी फार्मसी आम्हाला ती एकच आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
फोंडा, गोवा