लावणीच्या चिखलातला बूट

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

कुडाळ तालुक्यात मी २० वर्षे दवाखाना चालवतो. भाताची लावणी सुरू झाली की तापाचे रुग्ण येऊ लागतात. पोटऱ्या ठणकत असतात, डोळे लाल असतात. उंदराच्या मूत्रातले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू चिखलपाण्यातून भेगाळलेल्या टाचांवाटे शिरतात, म्हणून मी सगळ्यांना सांगायचो, गमबूट घाला. एका शेतकरी बाईने मला गप्प केले: "डॉक्टरानू, बूट चिखलात रवता नि पाय तेवढो भायर येता."

यावर काय करायचे, हे एमबीबीएसला मला कुणी शिकवले नव्हते.

आज अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कुटुंब दत्तक उपक्रमात विद्यार्थी पहिल्या वर्षापासून घरोघरी जातात, रक्तदाब मोजतात, नोंदी करतात. माझी विनंती एवढीच, की त्याच घरातली एक अडचण निवडून पाच-सहा जणांच्या गटाने तिच्यावर वस्तू तयार करावी. बुटाचेच घ्या. घोट्याला घट्ट बसेल, पण चिखलातून सुटेल असा नमुना आयटीआयच्या मुलांसोबत करायचा, बचत गटाकडून शिवून घ्यायचा, शेतात घालून पाहायचा. फाटला तर कुठे फाटला ते बघून पुन्हा शिवायचा. मग हिशोब: जोडी कितीला पडते, रोजंदारीवरची बाई किती देऊ शकेल, आठवडी बाजारातला दुकानदार माल ठेवेल का. उद्योजकता अशी हातांनी शिकावी लागते, सभागृहातल्या व्याख्यानाने ती येत नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्याच विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. पण ते रक्तदाबाचे औषध आधीपासून बाजारात होते. लावणीचा बूट मात्र मला अजून कुठल्या दुकानात मिळालेला नाही. तो कुणीतरी बनवायला हवा, आणि रुग्णाचा पाय रोज पाहणाऱ्याने बनवला तर उत्तम.

यासाठी एका लावणीपासून पुढच्या लावणीपर्यंतचा वेळ द्या, अंतर्गत मूल्यमापनात गुण द्या, कच्च्या मालापुरता निधी द्या. रुग्णावर काही वापरायचे असेल तिथे नैतिकता समितीची परवानगी सक्तीची ठेवा. प्रकल्प फसला म्हणून गुण कापू नका. का फसला हे नीट मांडणारा विद्यार्थी पुढे चांगला डॉक्टर होतो.

पहिल्या गटाला माझ्या दवाखान्यात जागा देतो. नमुना घालून बघायला ती बाई तयार आहे, मी विचारून ठेवले आहे.

आपला,
कुडाळ तालुक्यातील एक डॉक्टर