तिकीट बंद झालं, पट्टी अजून निघाली नाही

दि. 18 नोव्हेंबर
मार्केट यार्ड, लातूर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : तुमचा 'सेवा सुधारणा अहवाल' आणि माझी अडकलेली पट्टी

शेतकऱ्याच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचं बिल, काढणं हे तुमच्या सॉफ्टवेअरचं काम, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. ते काय करत नाही, ते कालपर्यंत तुमच्या हेल्पलाइनला 14 वेळा सांगून झालंय.

सौदा होऊन वजनाचे काटे सुरू झाले की सगळे गाळे एकदम पट्ट्या करायला बसतात. नेमकं तेव्हाच तुमचं सर्व्हर बसतं. थोड्या वेळानं उठतं, पण मधे अर्धवट राहिलेल्या पट्ट्या तशाच अडकून पडतात. निघाल्याच तर हमाली-तोलाई दोनदा कापून निघतात. सोयाबीनच्या ऐन हंगामात दोनदा कापलेली हमाली शेतकऱ्याला समजावून सांगायला तुमच्यातलं कुणी एकदा यावं. चहा मी पाजतो.

कालचंच घ्या. दुपारी एकला तक्रार, तुमच्या भाषेत तिकीट, नोंदवली. औसा तालुक्यातले एक म्हातारे बाबा 9 कट्टे सोयाबीन घालून पट्टीसाठी बाकड्यावर बसलेले. पाचला पाच मिनिटं कमी असताना तुमच्याकडून फोन आला. मला वाटलं, झालं काम.

"सर, तिकीट क्लोज करतो."
"पट्टी निघायली का?"
"नाही सर, टीम बघायलीय. पण चार तास होत आलेत, क्लोज करावं लागतं. टार्गेट आहे."
"काम न होता बंद कसं करता?"
"लगेच दुसरं ओपन करतो ना सर. म्हणजे तुम्हाला परत चार तास मिळतील."

मला मिळतील! जसं काही देणगीच देतोय. पुढे म्हणतो, "फीडबॅकचा मेसेज येईल, पाच स्टार द्या सर, नाहीतर माझा स्कोर खाली जातो." फोन ठेवला तोच मेसेज : 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' बाबा बाकड्यावरून विचारतात, "मालक, द्या की पट्टी, यष्टी जायली." शेवटी हातानं कच्ची पट्टी लिहिली आणि रोख देऊन त्यांना वाटेला लावलं. पोराचा राग नाही. त्याला जे मोजायला सांगितलंय, ते तो इमानानं मोजतोय. राग मोजायला सांगणाऱ्यावर आहे.

गेल्या महिन्याचा तुमचा रंगीत अहवाल आला. तिकीट बंद व्हायचा सरासरी वेळ 9 तासांवरून 3 तास 40 मिनिटांवर आला म्हणे, पुढे हिरवा बाण. येणारच. चौथ्या तासाला गळा दाबून बंद केलं तर सरासरी कशाला वाढते? एका दुखण्याची 14 तिकिटं तुमच्या लेखी 14 यशं झाली. माझा पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरच्याच धंद्यात आहे. तो म्हणाला, घटना वेगळी आणि तिच्यामागचं मूळ कारण वेगळं, दोन्हीची नोंद वेगळी ठेवायची असते. एकच तक्रार तीनदा आली की कारण शोधायला स्वतंत्र माणूस बसवायचा. चौदाव्यांदाही तुमच्याकडे तो बसलेला नाही.

त्याच अहवालात अपटाइम, म्हणजे सर्व्हर चालू राहिल्याचा वेळ, 99.55 टक्के, करारातल्या 99.5 पेक्षा जास्त. मी आडत्या माणूस, हिशेब करून पाहिला. ऑक्टोबरचे 744 तास. अर्धा टक्का म्हणजे 3 तास 43 मिनिटं बंद राहायची मुभा. तुम्ही बंद राहिलात चार दिवसांत मिळून 3 तास 20 मिनिटं, म्हणजे पास. पण ती सगळी मिनिटं काटे चालू असतानाची. रात्री दोनला यार्डात कुत्री झोपलेली असताना तुमचं सर्व्हर झकास चालतं, ते तासही तुम्ही माझ्या पदरात घातले. आणि अडकलेल्या पट्ट्या तर यात धरलेल्याच नाहीत. सर्व्हर चालू, म्हणजे सेवा चालू.

आमच्या काट्याला दरवर्षी सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. तुमचा काटा तुमच्याच गोदामात, तोलणारे तुम्ही, शिक्का मारणारेही तुम्हीच. 2016 ला या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा किती टँकर सुटले यावर लातूरच्या एकाही बाईचं समाधान झालं नाही, ती हंडा बघायची.

तुमच्या माहितीपत्रकावर ते गोल चक्र छापलंय : ठरवा, करा, तपासा, सुधारा. गुणवत्ता सुधारणेचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग यांचं म्हणून ते जगभर ओळखलं जातं, पण डेमिंग स्वतः त्याचं श्रेय त्यांच्या आधीचे तज्ज्ञ शेवार्ट यांना द्यायचे. इतक्या मोठ्या माणसांना कामाला लावलंय, तर तिसऱ्या शब्दावर एकदा थांबा तरी. तपासायचं माझ्या गल्ल्यावर बसून असतं.

दसऱ्यापासून मी लाल वहीत लिहून ठेवतोय : कधी बसलं, कधी उठलं, किती पट्ट्या अडकल्या, कितींची हमाली दोनदा कापली. तिची झेरॉक्स सोबत आहे. ही तुमची सुरुवातीची पातळी धरा. यापुढे मोजायचं ते काटे चालू असतानाच. तोल झाल्यापासून पट्टी हातात पडेपर्यंतचा वेळ मोजा, आणि तेच दुखणं परत किती वेळा आलं ते. तुमचं लक्ष्य मी ठरवून देतो : तोल झाल्यावर दोन मिनिटांत पट्टी. डिसेंबरअखेर निम्म्या दिवशी जमलं तरी मी मान्य करीन, पण खरं लिहा. आणि 14 तिकिटं मिळून एकच तक्रार धरा. हे मी आधी सांगितलंय, परत सांगतोय, कारण तुमच्याकडे परत सांगितल्याशिवाय काही नोंदलंच जात नाही.

माझ्या शब्दावर शेजारच्या चार गाळ्यांनी तुमचं सॉफ्टवेअर घेतलं. आता ते मला गाठून विचारतात आणि मी मान खाली घालतो. नूतनीकरण मार्चमध्ये आहे. पाचही गाळे एकत्र बसूनच ठरवू. एवढं चांगलं सॉफ्टवेअर होतं हो तुमचं, पहिली दोन वर्षं.

आपला,
एक आडत दुकानदार
(ग्राहक क्रमांक तुमच्याकडे आहेच, दर चार तासांनी तुम्ही तो विचारता.)

ता. क. : मेल केला असता तर त्याचंही तिकीट झालं असतं, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतोय.