डायल-अप इंटरनेट वारंवार तुटत असल्याबाबत तक्रार

जुळे सोलापूर, सोलापूर
दिनांक : 26 सप्टेंबर 2005

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असल्याचे कारण सांगून बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून लाइन तपासण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या दूरध्वनी आणि इंटरनेट या दोन्ही सेवांचा ग्राहक आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील काही यंत्रमाग कारखानदारांचे हिशेब मी घरी लिहितो आणि त्यांच्या टॉवेल-चादरींच्या याद्या रोज संध्याकाळी मुंबईच्या व्यापाऱ्यांना ईमेलने पाठवतो. गेले दोन महिने जोडणी दहा-पंधरा मिनिटांतच तुटते आहे. मी तीन वेळा तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा ‘आम्ही लिनक्सला मदत देत नाही, विंडोज टाकून पाहा’ असे सांगून ती बंद करण्यात आली. लाइन पाहायला कुणीही आले नाही.

माझ्या संगणकावर रेड हॅट लिनक्स 9 आहे आणि त्याला सिरियल पोर्टवर चालणारा बाहेरचा मोडेम (संगणकाला फोनच्या लाइनशी जोडणारे यंत्र) जोडलेला आहे. प्रथम मी माझ्याच बाजूची तपासणी केली. फोन लावून जोडणी करणाऱ्या डब्ल्यूव्हीडायल या प्रोग्राममध्ये काही वेळ काम न झाल्यास फोन ठेवण्याची सोय असते, ती बंद केली. घरातला दुसरा फोन लाइनवरून काढून टाकला. मोडेमची वायर नवी आणली. वाहक लहर (लाइनवरचा पलीकडच्या मोडेमचा संकेत) किती वेळ नाहीशी झाल्यावर मोडेमने फोन ठेवायचा, हे ठरवणारे एस-10 हे मूल्यही 1.4 सेकंदांवरून 5 सेकंदांवर नेले. त्याने थोडा फरक पडला, पण जोडणी तुटणे थांबले नाही.

लिनक्समध्ये ही जोडणी पीपीपीडी हा प्रोग्राम सांभाळतो आणि ती का संपली याचा क्रमांक मागे ठेवतो. काम नसल्यामुळे जोडणी संपली तर 12 येतो, पलीकडून विचारणेला उत्तर मिळाले नाही तर 15, आणि मोडेमनेच फोन ठेवला तर 16. माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक वेळी 16 आला आहे. आपल्या केंद्राने जोडणी रीतसर संपवली असती, तर तशी विनंती आल्याची नोंद लॉगमध्ये राहिली असती. ती एकदाही नाही. म्हणजे लाइनवरचा संकेतच मध्ये नाहीसा होतो आणि तो नाहीसा झाल्याचे संगणकाला मोडेमकडून नंतर कळते. तिथे विंडोज असते तरी निराळे काही घडले नसते.

हे पडताळण्यासाठी मी हाच संगणक आणि हाच मोडेम सात रस्त्याजवळ राहणाऱ्या मेहुण्यांच्या घरी नेला आणि माझ्याच खात्याने जोडणी केली. तिथे ती 44,000 बिट प्रति सेकंद वेगाने लागली आणि दोन तास एकदाही तुटली नाही. माझ्या घरी वेग 26,400 च्या वर जात नाही. शिवाय रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला की डायल टोन थांबतो आणि त्यानंतर लाइन शांत असायला हवी. माझ्या लाइनवर मात्र तेव्हा खरखर ऐकू येते आणि पावसानंतर ती इतकी वाढते की समोरच्याचे बोलणेही धड समजत नाही. कोपऱ्यावरच्या डीपीपासून (घरोघरी फोनच्या तारा वाटणाऱ्या पेटीपासून) आमच्या भिंतीपर्यंत आलेल्या वायरला मध्ये नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आहे. त्यात पाणी जात असावे, असे मला वाटते.

दुसरा दोष वेगळा आहे आणि त्याचा लाइनशी संबंध दिसत नाही. रात्री 9 ते 11 च्या दरम्यान मोडेम जोडला जातो, पण पासवर्ड नाकारला जातो आणि पीपीपीडी 19 हा क्रमांक देतो. तोच पासवर्ड, काहीही न बदलता, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला चालतो. याचे कारण आपल्याच केंद्रात शोधावे लागेल.

प्रत्येक प्रयत्न हा स्वतंत्र कॉल धरला जातो, त्यामुळे अर्ध्या मिनिटात तुटलेल्या जोडणीचेही पैसे मला भरावे लागतात. भारनियमनातून उरलेले विजेचे तास पुन्हा पुन्हा डायल करण्यात जातात आणि यादी वेळेवर न पोहोचल्याने कारखानदारांचा माल एक दिवस मागे पडतो. त्यांच्यापुढे मला मान खाली घालावी लागते, याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटते.

तरी लाइनमनला पाठवून डीपीपासून घरापर्यंतची वायर बदलून द्यावी, रात्री पासवर्ड नाकारला जाण्याचे कारण मला लेखी कळवावे आणि सोबत जोडलेल्या लॉगमध्ये ज्या कॉलवर खुणा केल्या आहेत त्यांची रक्कम पुढील बिलातून वजा करावी, ही विनंती. लाइनमन येतील त्या दिवशी मी घरीच थांबेन आणि मोडेम त्यांच्यासमोर चालवून दाखवेन. लाइन प्रत्यक्ष तपासल्याशिवाय ही तक्रार बंद करू नये.

आपला विश्वासू,
(सही)

सोबत : दोन महिन्यांच्या लॉगची छापील प्रत, मागील दोन बिलांच्या प्रती.